ढोल उठवायला रोह्याला

ठमाचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या बरण्या गच्चीवर उन्हात ठेवत होते. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही तिनं विचारलं नाही. म्हणाली, "मास्तरनी, नातीचं लगीन हाय. धर्मा ढोल वाजवनार हाय. तू ये." मग आवाज उतरवून, "मला भ्या वाटतं गो."

ठमा पेणच्या डोंगरातल्या एका ठाकूरवाडीची. माझ्याच वयाची, म्हणजे सत्तरी ओलांडलेली. एकदा बिबट्या समोर आला तर डोक्यावरची मोळी न उतरवता त्याच्याकडे बघत उभी राहिलेली बाई. तिला भ्या वाटतं म्हटल्यावर मी बरण्या तशाच सोडल्या आणि पिशवी भरली. मुलाला सांगितलं, पेणला पोहे-पापड आणायला जाते. म्हातारपणी खोटं बोलायची सूट असते. मी ती पुरेपूर घेते.

भ्या कशाचं ते आधी सांगते. धर्मा हा ठमाचा मुलगा. त्याच्यासारखा ढोल त्या अंगाच्या डोंगरात कोणी वाजवत नाही, आणि मिसरूड फुटल्यापासून तो पीत होता. गेल्या पावसाळ्याच्या आधी डोळे हळदीसारखे झाले. पेणच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता एक घोट घेतलास तर माझ्याकडे येऊ नकोस, रस्ता वाया जाईल. धर्मानं सोडली. आणि दारूबरोबर ढोलही आढ्याला टांगून ठेवला. कारण त्या वाडीत ही दोन वेगळी नाहीत. ढोल उठवायचा म्हणजे वाडवडिलांच्या नावानं निखाऱ्यावर मोहाच्या दारूची धार सोडायची, भडका उठला की वाडवडील आले, आणि मग घरातल्या थोरल्या बाईनं भरलेला पानाचा द्रोण वाजवणाऱ्यानं प्यायचा. मग ढोलाला हात लावायचा. ती रीत.

आता धर्माची लेक, मनीषा, अडून बसली होती. डीजे नको, ढोल पाहिजे. बाचाच पाहिजे.

पेण

एसटी स्टँडवर धर्मा मोटारसायकल घेऊन उभा होता. वाळला होता, पण डोळे पांढरे होते. मी आधी तेच पाहिलं आणि त्यानं मला ते पाहताना पाहिलं.

"बघा, बाई, बघा. सगळीच बघतात. हौसा तर रोज तोंड हुंगते."

हौसा म्हणजे त्याची बायको. "अजून?" मी विचारलं.

"आता मीच कामावरनं आलो का दारातच तिच्या तोंडावर हाऽऽ करतो. मंग च्या मिळतो."

तो नागोठण्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर जातो. शिफ्ट सुटली की फाट्यावरच्या दुकानासमोरून यावं लागतं. तेवढा रस्ता तो गाडीचा हॉर्न दाबून धरतो, म्हणाला. का, तर दोन्ही हात गुंतलेले राहतात.

मोटारसायकलवर मी नऊवारी नेसून एका अंगाला बसले. चढ लागला तसे डोळे मिटले. खाली धरमतरच्या बाजूला खाडी आणि मिठागरं उन्हात चकाकत होती म्हणे. मी त्यातलं फार थोडं पाहिलं, कारण माझं सगळं लक्ष धर्माच्या खांद्याचा शर्ट न फाटण्याकडे होतं.

याच चढावरून चोवीस वर्षांची एक शहाणी बाई एकेकाळी चालत गेली होती. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मागे दोन गड्यांच्या डोक्यावर हार्मोनियम. आश्रमशाळेत संगीत शिकवायला निघाली होती. तिला वाटत होतं, डोंगरात संगीत नाही, आपण ते घेऊन चाललोय. पहिल्याच आठवड्यात तिनं ठाकरांचा नाच पाहिला आणि वहीत शेरा मारला, 'ताल कच्चा आहे.' वास्तविक त्या तालाची सम तिला शेवटपर्यंत सापडली नाही. ती मांडवाच्या खांबाला धरून बोटं मोजत उभी राहायची आणि तिच्याभोवती सगळी वाडी, कडेवरच्या पोरांसकट, बरोबर त्याच ठोक्याला पाय टाकायची. ती बाई म्हणजे मी. मला ती कधी भेटली तर मी तिच्या हातातली वही काढून घेईन आणि तिला नाचणीची भाकरी थापायला बसवीन.

तिचा कळस पुढेच आहे. तिनं दारूबंदीचं पद रचलं. 'सोड सख्या सोड, बाटलीची ओढ.' भीमपलासात. पोरींकडून बसवून घेतलं, वाडीत म्हणून दाखवलं. पुरुषांना इतकं आवडलं की त्या शिमग्याला सगळे यथेच्छ पिऊन त्याच पदावर नाचले. ढोलावर धर्माचा बाप होता.

वाडी

ठमा ओसरीवर मोहाची फुलं निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही. "आली गो माझी 'सोड सख्या सोड,'" म्हणाली आणि फुलं सारून जागा केली.

जेवायला नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथं करत नाहीत. ताटात वाढतात आणि तुमच्याकडे पाठ करतात. तुम्ही किती खाल्लंत हे कोणी बघू नये, ही खरी मानाची रीत. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कुणी पाहिलं नाही.

धर्मानं ढोल आढ्यावरून उतरवला. अंगणात वाळल्या गवताचा जाळ केला आणि चामडं शेकायला धरलं. शेकून झालं की बोटाच्या पेरानं टक् करून ऐकायचा, मान हलवायचा, पुन्हा शेकायचा. वाजवला मात्र नाही.

"वाजव की थोडा," मी म्हटलं.

"न्हाय बाई. धार पडल्याबिगर न्हाय." मग जाळाकडे बघत हळूच म्हणाला, "खरं सांगू? शुद्धीत मी कधी वाजवलाच न्हाय. बापानं पहिल्यांदा ढोल गळ्यात टाकला तवाच द्रोण दिला. पोटात गेली का हात आपसूक चालायचे. मी नुसता बघत असायचो. आता हात माझेच हायत. ते काय करतील ठावं न्हाय."

"आणि द्रोण?"

"देवाची हाय ती. न्हाय कसं म्हनू? सगळी म्हनतात, देवाची चढत न्हाय."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. असाच साधेपणा मी घरी पाहिलाय. माझा धाकटा भाऊ. आमच्या पांढरपेशा घरात दारू देवासमोर येत नसे, कपाटात कपड्यांमागे राही, आणि तिला 'औषध' म्हणत. त्यानं सोडली, कितीतरी वर्षं सोडली. मग एका लग्नात कोणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी एक घोट, शकुनाचा. तो घोट संपायला दीड वर्ष लागलं आणि शेवटी भाऊच संपला.

मी आत गेले. नाचणीच्या कणगीमागे, फडक्यात गुंडाळून, बाटली होती. ठमानं धर्मा आजारी पडल्यापासून घरात गाळणं बंद केलं होतं. यंदा एकदाच गाळली, पहिल्या धारेची, वाडवडिलांपुरती. माझ्या डोक्यात साधा हिशोब होता. हांड्यातलं पाणी आणि ही बाटली, दोन्हींची अदलाबदल. मी बूच धरलं आणि मागून आवाज आला.

"ठेव ती."

ठमा दारात उभी होती.

"ठमे, अगं मी फक्त..."

"फक्त काय? तुझ्या गावचा गनपती हाय का, मोदकाच्या जागी पेढा चालंल? भूक माझ्या गेलेल्या मानसांची हाय. त्यांना फसवलं तर ती कुनाच्या मानगुटीवर बसतील? तुझ्या? तू जाशील एसटीनं."

मी बाटली ठेवली. एवढी घाबरलेली ठमा मी कधी पाहिली नव्हती. तिचा हात पदराशी चाळा करत होता. तिनं बाटली उचलून छातीशी धरली, लेकरू धरावं तशी, आणि बाहेर गेली.

नागोठण्याचा रस्ता

नवऱ्यामुलाची वाडी रोह्याच्या पलीकडे. आमच्याकडे वऱ्हाड मुलाकडून येतं. या वाड्यांत मुलीला घेऊन मुलीकडची माणसं जातात, आणि त्यांचा ढोल मुलाच्या मांडवाच्या तोंडाशी पहिल्यांदा वाजतो. तो वाजल्याशिवाय मुलीनं आत पाऊल टाकायचं नाही. ढोल म्हणजे मुलीचं घर, असं ठमानं मला समजावलं. घर गप्प असलं तर मुलगी कोणाची?

सकाळी टेम्पो निघाला. मागे बायका, पोरं, तांदळाची गोणी, मनीषा हळदीच्या अंगानं, मध्ये ढोल आणि ढोलाला टेकून धर्मा. ठमाच्या पिशवीत बाटली. पिशवी बरोबर धर्माच्या पायाशी.

महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, त्यावर मी काय बोलणार. एरवी मी त्या खड्ड्यांना शिव्या घालते. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात हात जोडत होते: फुटू दे रे, फोड ती बाटली. माझी कवळी हलली, गोणी फाटली, एका बाईच्या कानातलं पडलं. बाटलीला ओरखडा नाही.

नागोठणं आलं तशी कंपनीची चिमणी दिसायला लागली. तो फाटा, ते दुकान. धर्मा नकळत मुठी आवळून बसला. आज दाबायला हॉर्न नव्हता. मनीषानं मेंदीचा हात लांब करून ढोलाच्या दोरीवर ठेवला, धर्माच्या हाताच्या अगदी शेजारी. दुकान मागे पडेपर्यंत तो तिथंच राहिला.

"बा," ती मग म्हणाली, "नसंल जमत तर नको वाजवूस. मी तशीच जाईन आत."

"तशीच कशी जाशील? अनाथ हायस?" धर्मा ओरडला. हौसा बाहेर बघत राहिली.

मी ठमाकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. गाणं आठवत होती की कोणाची माफी मागत होती, मला कळलं नाही.

रोहा

कुंडलिकेचा पूल ओलांडून टेम्पो डोंगराकडे वळला. मांडवात आंब्याचे टाळे, उंबराच्या फांद्या, आणि एका कोपऱ्यात तरुण पोरांनी उभे केलेले दोन भलेमोठे स्पीकर. मुलीकडचा ढोल फसला तर पंचाईत नको म्हणून. निदान मला तरी तसं वाटलं, आणि त्यांच्या हसण्यावरून धर्मालाही.

मुलाकडची माणसं पुढे आली. उन्हं डोक्यावर होती आणि बऱ्याच जणांची सकाळपासूनच सुरुवात झाली होती.

"धर्मादा, ऐकलं तू सोडलीस म्हनं?"

"सोडलीस का तिनं तुला सोडलं?"

"आज घ्यावीच लागल हां. देवाची हाय. चढत न्हाय ती."

धर्मा हसला. ते हसू मी ओळखते. भावाचंही असंच होतं. आधी ओठ हसतात, मग हात पुढे जातो.

त्यांच्या भगतानं, देवाचं बघणाऱ्या, मोठ्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं, मांडवाच्या तोंडाशी निखारे मांडले. ढोल समोर ठेवला. धर्मा गुडघ्यावर बसला. मनीषा बाहेर, डोक्यावर पदर घेऊन. ठमानं फडकं सोडून बाटली काढली, पळसाच्या पानाच्या द्रोणात ओतली. ओतताना थोडं तिच्या पायावर सांडलं. भगतानं वाडवडिलांची नावं घेतली. शेवटचं नाव धर्माच्या बापाचं. मी माझ्याच पदराचं टोक चावत उभी होते.

धर्माचे डोळे द्रोणावर होते. हौसानं माझा दंड धरला, नखं रुतली. आता पहिली धार निखाऱ्यावर, भडका, मग दुसरा द्रोण त्याच्या ओठाला. मला पुढचं सगळं दिसत होतं. रीत म्हणजे रीत, मध्ये पडून ती मोडणारी मी कोण? आणि नाही मोडली तर?

ठमानं द्रोण तिरपा केला.

चर्र झालं.

भडका नाही. ज्वाळ नाही. निखाऱ्यावर काळा डाग पडला आणि एक पांढरी वाफ धर्माच्या तोंडावरून वर गेली.

पोरं हसायची थांबली. कोणीतरी बाई म्हणाली, "अगो बाय, घेतली न्हाय." धर्माचा चेहरा राखेसारखा झाला. बापानं धार नाकारली, लेकीच्या लग्नात, परक्या मांडवासमोर. त्याचे हात ढोलावरून गळून खाली आले. मलाही पटलं की आता काहीतरी वाईट होणार. सत्तरी ओलांडलेली, शिकलेली बाई मी, आणि मी निखाऱ्याकडे बघत देवाचं नाव घ्यायला लागले.

भगत वाकून निखारे बघायला लागला. तेवढ्यात ठमा बोलली. मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"बघा गो, बघा! म्हाताऱ्यानं बी सोडली!"

एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग ती धर्माच्या बापाला, म्हणजे त्या निखाऱ्याला, हात नाचवत म्हणाली, "जिता व्हतास तवा शेजाऱ्याच्या वाट्याची सोडली न्हाईस. मेल्यावर शानपन आलं व्हय रे तुला? बरं झालं. बापच पीत न्हाय तर पोरगा कुठनं पील?" आणि उरलेली बाटली तिथंच निखाऱ्यांवर उपडी केली. पुन्हा चर्र. निखारे विझले.

मागून एक म्हातारी फसकन हसली. मग सगळ्या बायका. मग पुरुष. ज्यानं 'चढत न्हाय' म्हटलं होतं तोच मांडी थोपटत म्हणाला, "च्यायला, वरती पन बंदी झाली!" भगतानं रिकामी बाटली उचलली, तोंडाशी नेऊन हुंगली, मिशीआडून ठमाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाटली बाजूला ठेवली.

"पहिल्या धारेची व्हती," तो म्हणाला. "उठव पोरा ढोल."

धर्मानं ढोल गळ्यात घातला. एका हातात टिपरूची काठी, दुसऱ्याचा पंजा. पहिला ठोका पडला आणि दुसरा चुकला. मला, समसुद्धा न सापडणाऱ्या बाईला, कळलं की चुकला. तो थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा अडखळला. स्पीकरजवळचा एकजण वायर हातात घेऊन उठला.

तेव्हा ठमा गायला लागली. नेहमीपेक्षा कितीतरी सावकाश. डोंगर उतरते लेक, मागं बघते लेक, असं काहीसं. लहान पोराला बोट धरून चालवतात तसा तिचा आवाज होता. एक ओळ म्हणायची, थांबायची, ढोल मागून यायचा. मग दुसरी. हौसानं सूर धरला. बायकांची रांग कमरेला हात घालून उभी राहिली, पाय उचलले गेले आणि ढोल त्या पायांत शिरला.

मी दारूतला ढोल ऐकला होता. तो अंगावर येणारा होता, दुसऱ्या कोणाची पर्वा नसलेला. हा तसा नव्हता. हा भ्यालेला होता, आणि भ्यालेला असल्यामुळे कान देऊन वाजत होता. आई श्वास घेते कुठं, बायका वळतात कुठं, सगळं ऐकत. धर्मा घामानं निथळत होता. मनीषानं मांडवात पाऊल टाकलं तेव्हा त्यानं तिच्या पावलावर ठोका टाकला, अगदी बरोबर त्यावर. ती थांबली, बापाकडे बघितलं आणि मुद्दाम दुसरं पाऊल उशिरा टाकलं. ठोकाही उशिरा पडला. दोघं हसली.

मी नाचले का, हे विचारू नका. पाय चुकले एवढंच सांगते.

परतीची एसटी

रात्री आम्ही ठमाच्या वाडीत परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला सोडायला डोंगराखालच्या फाट्यापर्यंत आली. आंब्याखाली बसलो. धर्मा अजून झोपला होता. हातांना फोड आले होते. "आधी कळायचंच न्हाय फोड आल्याचं," रात्री जेवताना तो हौसाला कौतुकानं दाखवत होता.

मी म्हटलं, "ठमे, त्या बाटलीत काय होतं?"

"तुला काय वाटतं?"

"आणि मला तेवढं दटावलंस! मोदक-पेढे ऐकवलेस!"

"तुझं तोंड हाय का गप बसनारं? चेहऱ्यावरच लिवलेलं दिसलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल पहाटे मोहाच्या बुंध्यात वतली. जितनं आली तितं. आन् हिरीचं पानी भरलं. धर्माला सांगू नको कदी. त्याला वाटू दे बापानं सोडली."

मी हसले. ती हसली नाही. तिचा हात पुन्हा पदराशी चाळा करायला लागला होता.

"वाडवडिलांना फसवलं मी, मास्तरनी. सगळ्या मांडवादेखत. टेंपोत बसल्यापास्नं माफी मागतेय. आता मी जाईन तवा ती सगळी वाटंवर उभी असतील. धर्माचा बा सगळ्यांच्या म्होरं."

एसटी लांबून दिसायला लागली. ठमा रस्त्याकडे बघत, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तशी बोलली.

"मरताना त्यो पानी पानी करत व्हता. घरात हांडा भरलेला, गो. मला वाटलं, पानी म्हनतो ते तेच. रोज तेच तर मागायचा. मी बाटली लावली तोंडाला. त्यानं मान फिरवली. मला कळंस्तवर गेला." तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "काल वतताना तेच मनात व्हतं. पानी पाजायचं ऱ्हायलं व्हतं. पोचलं असंल का गो त्याला?"

एसटी थांबली, कंडक्टर ओरडायला लागला. मी ठमाचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला.

"पोचलं," मी म्हटलं. "चर्र झालेलं ऐकलंस ना? किती तहानलेला होता बघ."